काँक्रिटच्या पोटात सीओटू : नक्की किती साठतो आणि किती वाचतो?

समुद्रापार
नमस्कार मंडळी. हा धागा बरेच दिवस डोक्यात होता, आज सुट्टी आहे म्हणून लिहायला बसले. मी मूळची सांगलीची, गेली काही वर्षं कॅनडात हॅलिफॅक्सला एका रेडीमिक्स (तयार काँक्रीट गाडीतून पुरवणाऱ्या) प्लांटच्या लॅबमध्ये आहे. म्हणजे दिवसभर स्लंप (ओलं काँक्रीट किती सैल आहे ते) बघायचा, ताकद तपासायचे क्यूब भरायचे (इथे सिलिंडर भरतात) आणि ते फोडायचे. आमच्या घरच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात एक फॉरवर्ड आला, "ही बिल्डिंग झाडासारखी हवा शुद्ध करते, काँक्रिटमध्ये कार्बन साठवलाय." भावाने मला टॅग करून विचारलं तुमच्याकडचंच तंत्र ना हे, खरं का? मी हो पण म्हणाले आणि नाही पण म्हणाले, आणि मग समजावता समजावता माझे तीन व्हॉइस मेसेज झाले. तेच जरा नीट इथे मांडते.

हॅलिफॅक्सच्या बंदरात उभं राहिलं की समोर पाण्यापलीकडे डार्टमाउथ दिसतं, फेरीबोटीने थोड्या वेळात पोचतो. कार्बनक्युअर नावाची कंपनी तिथली. त्यांची कल्पना ऐकायला एकदम साधी आहे. प्लांटवर द्रवरूप सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) टाकी ठेवायची, तिच्यातून एक पाइप मिक्सरपर्यंत आणायचा आणि सिमेंट, खडी, वाळू, पाणी कालवलं जात असतानाच मोजून सीओटू सोडायचा. बाहेर पडताना त्याचा थोडा बर्फ होतो, थोडा वायू राहतो. ओल्या सिमेंटमधून जे कॅल्शियम सुटत असतं त्याच्याशी त्याची लगेच गाठ पडते आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, म्हणजे चुनखडीच, पण अतिशय बारीक कणांची. हे कण मग विरजणासारखं काम करतात, त्यांच्याभोवती सिमेंटचं पुढचं जमणं जोरात होतं आणि ताकद थोडी वाढते. ताकद वाढली म्हणजे तेवढ्याच ग्रेडला (ठरलेल्या ताकदीला) सिमेंट कमी घालता येतं, साधारण ५ टक्के. आणि एकदा चुनखडी झालेला सीओटू काँक्रीट फोडलं तरी बाहेर येत नाही, त्यासाठी ते आठ-नऊशे डिग्रीपर्यंत तापवावं लागेल.

आता हिशोब बघा, कारण माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. एक घनमीटर काँक्रीट धरा, त्यात ३०० किलो सिमेंट. सीओटूचा डोस सिमेंटच्या वजनाच्या ०.२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ६०० ग्रॅम, आणि त्यातलाही थोडा उडून जातो. म्हणजे "पोटात साठवलेला" सीओटू एका घनमीटरमागे अर्धा किलो!! आणि ५ टक्के सिमेंट वाचलं ते १५ किलो. साध्या ओपीसीच्या (राख न मिसळलेल्या सिमेंटच्या) एका किलोमागे साधारण ०.८५ ते ०.९ किलो सीओटू हवेत जातो, तेव्हा ते झाले १३ किलो. फॉरवर्डमध्ये ज्या साठवणुकीचं कौतुक होतं ती अर्धा किलो आणि ज्याचा कुणी उल्लेखही करत नाही ते न वापरलेलं सिमेंट १३ किलो.

अटलांटात ७२५ पाँस नावाची ऑफिस बिल्डिंग आहे, या तंत्राचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. तिला ४८,००० घनयार्ड काँक्रीट लागलं आणि १५ लाख पाउंड, म्हणजे साधारण ६८० टन सीओटू वाचला असं सांगतात. भागाकार करून बघा, घनमीटरला १८ किलोच्या आसपास येतो. तोच घनमीटर बनवताना सुटणारा सीओटू पावणेतीनशे-तीनशे किलो असतो. म्हणजे बिल्डिंग झाडासारखी वगैरे अजिबात नाही, पण शंभरातले सहा-साडेसहा कमी झाले, आणि तेही मोठा खर्च न करता, चालू प्लांटमध्ये एक टाकी आणि एक पाइप लावून. मला हे तंत्र मनापासून आवडतं म्हणूनच ते चुकीच्या कारणासाठी गाजू नये असं वाटतं. आपल्याकडचे जाणकार असतील तर लिहा, भारतात हे कितपत जमेल याबद्दल मला खरंच ऐकायचंय.

वाटसरू_नाशिक
छान धागा. माझा अगदी बेसिक प्रश्न आहे, सिमेंटच्या नावाने एवढी ओरड का असते? कारखान्यात कोळसा जाळतात म्हणून ना? मग कोळशाऐवजी सोलर वापरलं की झालं की.

चुन्याची_निवळी
वाटसरू, मी रसायनशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारायचंच त्यामुळे उत्तर देते. कोळसा हा लहान वाटा आहे. सिमेंटच्या भट्टीत चुनखडीचा दगड भाजतात, आणि दगडातच सीओटू कोंडलेला असतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो सीओटू निघून जातो. हे कोळशावर भाजा, उन्हावर भाजा नाहीतर विजेवर, ४४ किलो जाणारच. सिमेंटच्या एकूण सीओटूपैकी साधारण ६० टक्के हा असा दगडातून येतो आणि बाकीचा ४० टक्के भट्टी १४५० डिग्रीला न्यायला जे इंधन लागतं त्यातून आणि विजेतून. जगाचा जेवढा सीओटू माणूस सोडतो त्यातला ७-८ टक्के एकट्या सिमेंटचा.

आणि समुद्रापार, तू विरजणाची उपमा दिलीस ती फार आवडली. मी त्याच्याही मागे जाते. आपल्या किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्या बघितल्या असतील सगळ्यांनी, गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. चुनखडी भाजून चुनाकळी करायची, ती पाण्यात विरवायची, फसफसून वाफा येतात, मग वाळूबरोबर घाणीत मळायची, कुठे कुठे गूळ, बेलफळ, हिरडा घालायचे. हा चुना भिंतीत घट्ट कसा होतो? हवेतला सीओटू परत घेऊन. भट्टीत दगडातून जो गेला तोच वायू वर्षानुवर्षं हवेतून हळूहळू परत येतो आणि चुन्याचा पुन्हा दगड होतो. म्हणजे "बांधकामात सीओटू साठवणे" हे आपल्या गवंड्यांना नाव माहीत नसतानाही ते करत होतेच. (इंधनाच्या लाकडाचा सीओटू वेगळा, तो भिंतीत परत येत नाही, हे विसरू नका.)

सिमेंटही हे करतं. २०१६ साली नेचर जिओसायन्समध्ये एक मोठा अभ्यास आला होता, १९३० ते २०१३ या काळात जगभरातल्या सिमेंटने, म्हणजे भिंती, गिलावा, पाडलेल्या इमारतींचा मलबा सगळं धरून, दगडातून गेलेल्या सीओटूपैकी ४३ टक्के परत शोषला असा त्यांचा अंदाज होता.

वाटसरू_नाशिक
४३ टक्के?? मग निम्मा प्रश्न आपोआपच सुटतोय की

चुन्याची_निवळी
नाही ना. तो आकडा फक्त दगडातून गेलेल्या वाट्याचा आहे, इंधनाचा त्यात नाही. आणि वेळ बघ, वायू आज जातो आणि परत यायला दशकं लागतात, तोवर तो वर तापवत बसतोच. शिवाय सगळ्यात जास्त शोषतो तो पातळ थराचा मॉर्टर आणि गिलावा. जाड कॉलमच्या पोटात पन्नास वर्षांनीही वायू पोचलेला नसतो, खोली वाढते ती काळाच्या वर्गमुळाने, म्हणजे चौपट वर्षं गेली की दुप्पट खोली.

उघडी_सळई
पोचलेला नसतो असं म्हणता ते चांगल्या काँक्रिटचं झालं ताई. मी मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट करतो. ३० वर्षं झालेल्या इमारतींचं ऑडिट करावंच लागतं, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य जुन्या सोसायट्यांच्या जिन्याखाली आणि पार्किंगमध्ये हातोडी घेऊन गेलंय, आणि या धाग्याचं शीर्षक वाचून मी आधी दचकलोच. कारण आमच्यासाठी कार्बोनेशन म्हणजे इमारतीचा आजार!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताज्या काँक्रिटचा पीएच साडेबाराच्या वर असतो, इतक्या क्षारात सळईवर एक पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो तिला गंजू देत नाही. हवेतला सीओटू आत शिरत गेला की चुन्याची चुनखडी होते, पीएच ९ च्या खाली येतो आणि तो पापुद्रा जातो. मग पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की गंज. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट, तो आतून काँक्रीट ढकलतो, आधी सळईच्या रेषेत भेग, मग पोपडे, मग छतातून डोक्यावर तुकडा. समुद्राजवळ मिठाचा क्लोराइड पण असतो म्हणजे दुहेरी मार.

टेस्ट साधी आहे, ताजा तुकडा काढायचा आणि फिनॉल्फ्थॅलिन फवारायचं, चांगलं असेल तर गडद गुलाबी, कार्बोनेशन झालेलं असेल तर रंगच येत नाही. दादरकडच्या एका सोसायटीत ड्रॉइंगवर कॉलमला ४० मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रिटचा थर) होतं, आम्ही फोडलं तर १५ सुद्धा नाही, कव्हर ब्लॉकच लावले नव्हते कुणी, आणि रंग न येणारा थर सळईच्या मागे गेलेला. त्या घरातल्या आजी विचारत होत्या अजून किती वर्षं राहता येईल. मला उत्तर देता आलं नाही.

तर माझा सरळ प्रश्न, आपण जे थांबवायला आयुष्य घालवतो तेच मुद्दाम आत का घालायचं?

समुद्रापार
दादा, अगदी योग्य प्रश्न आहे आणि मला पण नोकरी लागली तेव्हा हाच पडला होता. दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

मिक्सरमध्ये जो सीओटू घालतात तो ३०० किलो सिमेंटला अर्धा-पाऊण किलो, आणि अगदी सुरुवातीला, सिमेंट अजून जमायलाही लागलेलं नसताना. नंतर सिमेंट महिनाभर आणि पुढेही चुना सोडत राहतं, त्यामुळे पीएच जिथे असायचा तिथेच राहतो. तुम्ही ज्याच्याशी लढताय तो वायू जमलेल्या काँक्रिटमध्ये बाहेरून शिरतो आणि सळईभोवतीचा क्षारच खाऊन टाकतो.

दुसरा प्रकार म्हणजे तयार झालेला माल बंद खोलीत ठेवून सीओटूमध्येच पिकवायचा, पाणी मारण्याऐवजी. यात वायू खूप जास्त मुरतो पण पीएचही खरोखर उतरतो, त्यामुळे हे सळई नसलेल्या मालासाठीच बरं, पेव्हर (फरसबंदीचे ठोकळे), कर्बचे दगड, भिंतीचे ठोकळे. जपानमध्ये काजिमा, चुगोकु इलेक्ट्रिक पॉवर आणि डेन्का यांनी मिळून सीओटू-सुइकॉम नावाचं काँक्रीट बनवलंय, त्यात सिमेंटच्या जागी बराचसा एक वेगळा कॅल्शियम सिलिकेट घालतात जो पाण्याशी जमतच नाही, फक्त सीओटूशी जमतो, आणि तो वीजकेंद्राच्या धुरातल्या वायूवर पिकवतात. त्यांचा आकडा घनमीटरला उणे १८ किलो आहे, म्हणजे बनवताना गेला त्यापेक्षा आत जास्त गेला. पण तेही मुख्यतः पेव्हर आणि कर्बसारख्या मालातच.

स्वित्झर्लंडमध्ये न्यूस्टार्क म्हणून ईटीएच झुरिकमधून निघालेली कंपनी आहे, ते तर नवीन काँक्रिटला हातच लावत नाहीत. पाडलेल्या इमारतीचा चुरा घेतात, त्यात बायोगॅसपासून निघालेला सीओटू मुरवतात, टनाला १० किलोच्या आसपास, आणि तो चुरा परत खडी म्हणून वापरतात. चुऱ्यात सळई नाही, पृष्ठभाग भरपूर, त्यामुळे तुमची भीती तिथे लागूच होत नाही. मुंबईत रिडेव्हलपमेंटचा एवढा मलबा निघतो तो कुठे जातो हो सध्या?

उघडी_सळई
पटलं. मलब्याचं विचारू नका, खाडीकिनारी रात्री रिकामे होणारे डंपर सगळ्यांनी बघितलेत. हे चुऱ्याचं मला सगळ्यात जास्त आवडलं.

टीएम_निघाला
पुण्यात आरएमसी (रेडीमिक्स) प्लांटला क्वालिटीला आहे, अकरा वर्षं झाली. समुद्रापार ताई धाग्यासाठी मनापासून धन्यवाद, आमच्या लाइनीवर मराठीत कुणी लिहीतच नाही. थोडं मोठं लिहितोय.

पहिली अडचण ५ टक्के सिमेंट कमी करण्यातच आहे. आपल्या आयएस ४५६ (काँक्रिटचं भारतीय मानक) मध्ये ताकदीशिवाय किमान सिमेंटची अट वेगळी आहे, साध्या वातावरणात आरसीसीला घनमीटरला ३०० किलो, सिव्हिअर (जास्त त्रासदायक वातावरण) असेल तर ३२० आणि ग्रेड किमान एम ३० (म्हणजे क्यूबची ताकद ३० मेगापास्कल), समुद्राच्या फवाऱ्यात व्हेरी सिव्हिअर म्हणून ३४० आणि एम ३५. आता समजा सीओटू घालून माझी ताकद वाढली आणि मी म्हटलं २९० मध्ये एम २५ बसतोय तर कन्सल्टंट म्हणणार ३०० च्या खाली जाऊ नको, संपला विषय, वाचलेलं सिमेंट कागदावरच राहिलं. वरच्या ग्रेडला जिथे ३८०-४०० सिमेंट जातं तिथे मात्र जागा आहे.

दुसरं, तुमचा १३ किलोचा हिशोब ओपीसीचा आहे. इथे बाजारात पीपीसी भरपूर, त्यात १५ ते ३५ टक्के वीजकेंद्राची राख असते, आणि आम्ही तर ओपीसी घेऊन प्लांटवर स्वतःच राख घालतो, एकलहरे, भुसावळकडून बल्कर येतात. राखवालं बाइंडर (सिमेंट अधिक राख) १५ किलो वाचलं तर सीओटू वाचतो ९ किलोच्या आसपास.

आणि तिसरं जे मला रोज छळतं. एम २५ करायचा असेल तर मिक्स २५ ला डिझाइन करत नाहीत, ३१.६ ला करतात, कारण क्यूब वरखाली होतात, त्या वरखाली होण्याला ४ चं डेव्हिएशन धरून त्याची १.६५ पट वर जायचं. साइटवर कंट्रोल ढिला असेल तर ४ चं ५ धरायचं आणि टार्गेट ३३.२५ होतं. म्हणजे नुसता ढिसाळपणा ५ टक्के ताकद खातो, जेवढी सीओटू घालून मिळते साधारण तेवढीच!! आणि ढिसाळपणा म्हणजे काय तर टीएम (काँक्रीट नेणारा ट्रान्झिट मिक्सर) ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकला, स्लंप मेला, साइटवरचा माणूस म्हणतो पंप चोक होईल, ड्रायव्हर पाइप लावतो आणि ड्रममध्ये पाणी सोडतो. मागच्या उन्हाळ्यात एका साइटला माझे एकाच दिवसाचे चार क्यूब पडले, आमच्या प्लांटवरचे त्याच लोडचे क्यूब पास, फरक फक्त त्या पाण्याचा. पुढच्या लोडपासून आम्हाला "सेफ्टीसाठी" २० किलो सिमेंट वाढवायला सांगितलं. त्या २० किलोचा सीओटू कुठल्या हिशोबात धरायचा सांगा.

समुद्रापार
हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. तुम्ही जे २० किलो लिहिलंत ते आमच्या सगळ्या टाकी-पाइपच्या फायद्यापेक्षा जास्त आहे. इथेही ड्रायव्हर पाणी घालतात पण बऱ्याच गाड्यांच्या ड्रमवर स्लंप मोजणारे सेन्सर असतात आणि घातलेलं पाणी तिकिटावर येतं, त्यामुळे लपत नाही.

भट्टीजवळचा
+१ टीएम दादा. फक्त एक दुरुस्ती, आयएस ४५६ च्या त्या तक्त्याखालची टीप बघा, किमान सिमेंटमध्ये राख, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) धरलेलं चालतं. म्हणजे ३०० किलो बाइंडर तेवढंच ठेवून ताकद वाढली त्या बदल्यात ओपीसी १५ किलो काढून राख १५ किलो वाढवता येईल की. कागदावर अडत नाही, मिक्स डिझाइन नव्याने मंजूर करून घ्यायची कुणाची तयारी नसते म्हणून अडतं.

टीएम_निघाला
बरोबर आहे तुमचं, मान्य. टीप विसरलो होतो. मंजुरीचं तर अगदी खरं.

भट्टीजवळचा
मी चंद्रपूर जिल्ह्यातला, गडचांदूरकडचा. आमच्याकडे चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने दोन्ही, लहानपणापासून चिमणीचा धूर बघत मोठा झालो, घरातली अर्धी माणसं तिथेच कामाला. त्यामुळे माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. घनमीटरला अर्धा किलो साठवण्यापेक्षा जिथे निघतो तिथेच पकडा ना, भट्टीच्या तोंडाशी. मे २०२५ मध्ये केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान विभागाने सिमेंट उद्योगासाठी पाच चाचणी प्रकल्प जाहीर केले, त्यात हेच आहे. बल्लभगडला एनसीबी (सिमेंटवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था) आणि जेके सिमेंट मिळून दिवसाला २ टन सीओटू पकडून त्याचे हलके ठोकळे वगैरे करणार, आयआयटी मुंबई दालमियाच्या चालू कारखान्यात सीओटू पकडण्याचं करणार, आयआयटी कानपूर जेएसडब्ल्यूबरोबर सीओटूचं खनिज करून टाकण्याचं, आणि अल्ट्राटेकबरोबर आयआयटी मद्रास आणि बिट्स पिलानीचं गोव्याचं कॅम्पस आहे. २ टन म्हणजे एका मोठ्या भट्टीच्या मानाने थेंबच, दिवसाला हजारो टन निघतो तिथे. पण भट्टीचा धूर खरा असतो, धूळ, गंधक, ओलावा सगळं घेऊन येतो, लॅबमधल्या सिलिंडरसारखा स्वच्छ नसतो, म्हणून थेंबापासून सुरुवात केली ते मला बरोबरच वाटतं.

आणि एलसी थ्री हे नवं सिमेंट विसरू नका. क्लिंकर (भट्टीतून निघणारे, दळून सिमेंट करायचे गोळे) निम्मं, बाकी भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी. माती ७००-८०० डिग्रीला भाजते, १४५० लागत नाही, आणि मातीतून सीओटू निघत नाही, पाणी निघतं. स्वित्झर्लंड, क्युबा आणि आपल्या दिल्ली-मद्रासच्या आयआयटींनी मिळून केलेलं काम आहे, ४० टक्क्यांपर्यंत सीओटू कमी होतो म्हणतात. २०२३ ला आयएस १८१८९ म्हणून त्याचं भारतीय मानक पण आलं.

शंका_निरसन
वाचतोय, चर्चा उत्तम. पण एक विरुद्ध बाजूही नोंदवतो. २०२१ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये मिशिगन विद्यापीठाच्या लोकांचा पेपर आला होता. त्यांनी सीओटू घातलेल्या किंवा सीओटूत पिकवलेल्या काँक्रिटच्या प्रयोगांचे आधी छापून आलेले ९९ डेटासेट घेतले आणि पूर्ण हिशोब मांडला, वायू पकडायची वीज, दाबायची वीज, टँकर, पिकवायची खोली, सगळं. ९९ पैकी ५६ ते ६८ ठिकाणी सीओटूवालं काँक्रीट साध्यापेक्षा जास्त सीओटू सोडणारं निघालं. कारणं दोन, पिकवायला लागणारी वीज आणि जिथे ताकद वाढायच्या ऐवजी घटली तिथे भरून काढायला लागलेलं जास्तीचं सिमेंट. मग हे सगळं करायचं कशाला हा प्रश्न उरतोच.

समुद्रापार
हा पेपर मी वाचलाय, आणि तो वाचूनच मला सुरुवातीचा हिशोब सुचला. त्यातून मी एवढं घेतलं की ताकद आणि सिमेंट यांचं गणित जमलं नाही तर साठवलेल्या सीओटूला काहीच अर्थ नाही. डोस चुकला, जास्त झाला, तर ताकद खरंच घटते, मी स्वतः सिलिंडर फोडून बघितलंय. म्हणून प्रत्येक प्लांटला, प्रत्येक सिमेंटला आधी ट्रायल घ्याव्याच लागतात. एका सिमेंटला चालला तो डोस दुसऱ्याला चालत नाही.

निवळी ताई, तुमच्यासाठी एक गंमत सांगायची राहिली. २०२३ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात पहिल्यांदाच थेट हवेतून पकडलेला सीओटू काँक्रिटमध्ये घातला. पकडला हेअरलूम नावाच्या कंपनीने, आणि कशाने माहितीये? चुन्याने! चुनखडी भाजायची, चुना ताटांमध्ये पसरून ठेवायचा, तो हवेतला सीओटू ओढून परत चुनखडी होतो, परत भाजायची, निघालेला सीओटू पकडून ठेवायचा. तुमची घाणीवाली भिंतच, फक्त वर्षांचं काम तीन-चार दिवसांत.

चुन्याची_निवळी
अगं काय सांगतेस! हे माहीत नव्हतं. आज संध्याकाळी नातीला दाखवते विरवलेला चुना करून.

ठोकळेवाला
नमस्कार. मी इथे नेहमी नुसता वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. जयसिंगपूरजवळ माझं पेव्हर आणि भिंतीच्या ठोकळ्यांचं युनिट आहे, १४ माणसं. दिवसाला साधारण १२० गोणी सिमेंट लागतं म्हणजे ६ टन. उन्हाळ्यात आमचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे पाणी, ठोकळे रचून सात-सात दिवस पाणी मारायचं, टँकर घ्यावा लागतो. तुम्ही वर लिहिलं की सळई नसलेला माल वायूत पिकवता येतो, ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. आमच्या आजूबाजूला साखर कारखाने आहेत, डिस्टिलरीतून वायू निघतो असं ऐकून आहे. तो चालेल का? आणि माझ्यासारख्याने हे करून बघायचं तर कुठून सुरू करायचं?

चुन्याची_निवळी
दादा, बिनधास्त लिहा, तुमचाच प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. डिस्टिलरीचा वायू तर उत्तम, आंबवताना साखरेचं जेवढं इथेनॉल होतं जवळपास तेवढ्याच वजनाचा सीओटू निघतो आणि तो चांगला शुद्ध असतो, भट्टीच्या धुरासारखा नाही. एका लिटर इथेनॉलमागे पाऊण किलो धरा. रोज ६० हजार लिटर काढणारी डिस्टिलरी असेल तर दिवसाला ४५ टन! काही ठिकाणी तो गोळा करून शीतपेयांना, ड्राय आइसला देतात, पण जिथे हवेत सोडतात तिथला मिळाला तर खरा उपयोग, कारण तो नाहीतर गेलाच असता. आणि तो उसाने हवेतूनच घेतलेला असतो.

समुद्रापार
ठोकळेवाले दादा, तुमच्या ६ टन सिमेंटमध्ये वजनाच्या १० टक्के वायू मुरला असं धरू, चांगल्या प्रयोगांत एवढा मुरतो, तर दिवसाला ६०० किलो. पण आपल्याकडे विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो सीओटू जातो. म्हणजे वायू दाबणं, पंप, खोली वाळवणं याला दिवसाला ८५० युनिट लागली की ६०० किलोचा फायदा शून्य. मीटरवर लक्ष ठेवूनच करा. आणि निवळी ताई म्हणाल्या तसं ठोकळा उघड्यावर पडून पडूनही काही वर्षांत थोडा वायू घेतोच, तो यातून वजा करायला हवा. खरा फायदा तुमचं टँकरचं पाणी वाचणं आणि एका दिवसात ताकद येऊन सिमेंट कमी करता येणं यात असेल.

दुसरं, ठोकळा ओला गच्च असेल तर वायू आत जाणारच नाही, पाण्यातून तो हवेच्या मानाने हजारो पट हळू सरकतो. आधी थोडा सुकू द्यायचा, पण कोरडाठाक पण नाही, ओलावा लागतोच. हा मधला टप्पा सापडायलाच महिना जाईल.

उघडी_सळई
एक अत्यंत महत्त्वाचं. सीओटू हवेपेक्षा दीडपट जड आहे, तळाशी साचतो, वास नाही, रंग नाही. बंद खोलीत माणूस वाकला आणि उठलाच नाही असं होऊ शकतं. विहिरीत उतरताना होतात ना तसे अपघात. खोलीला बाहेरून उघडणारं दार, आत मीटर, आधी पंखा लावून मग आत जायचं आणि एकट्याने कधीच नाही. १४ माणसांची जबाबदारी आहे तुमच्यावर. पहिले प्रयोग खोलीत करूच नका, एखाद्या झाकणाच्या ड्रममध्ये, शेडच्या बाहेर उघड्यावर करा.

टीएम_निघाला
दादा, क्यूब आणि पेव्हर फोडायला आमच्या लॅबला घेऊन या, सीटीएम (दाबून फोडायचं मशीन) आहे, पैसे नकोत. एकाच घाण्याचे १२ घ्या, ६ नेहमीसारखे पाण्यात, ६ ड्रममध्ये. ड्रममध्ये टाकायच्या आधी आणि नंतर वजन करा, काटा ग्रॅमचा पाहिजे, नुसता ५० ग्रॅमवाला नको. पाणी उडून पण वजन कमी होतं, ते वेगळं पकडायला दोन ठोकळे नुसते साध्या हवेच्या ड्रममध्ये ठेवा. आणि १, ७, २८ दिवसांना फोडू. पेव्हरला आयएस १५६५८ ने.

ठोकळेवाला
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कुणी आपुलकीने सांगेल वाटलं नव्हतं. सळईवाल्या दादांचं ऐकून ड्रम बाहेर आंब्याखालीच ठेवलाय, खोलीचा विषय बंद.

काल मेडिकलवाल्याला सांगून फिनॉल्फ्थॅलिन मागवलं. वायू अजून मिळाला नाही म्हणून म्हटलं आधी घरचंच बघू. युनिटच्या मागे २०१६ पासून पडलेले भिंतीचे ठोकळे आहेत, ऑर्डर रद्द झाली होती तेव्हाचे. एक घणाने फोडला आणि फवारलं. कडेने दोन बोटं रंगच आला नाही, मधे गुलाबी. आमचे मिस्त्री तीस वर्षं ठोकळे पाडतायत, ते बराच वेळ बघत राहिले, मग स्वतः अजून चार फोडले. उन्हातल्या ठोकळ्याला पांढरा थर जाड आणि रचलेल्या थप्पीच्या तळाला ओलीतला होता त्याला अगदी बोटभर सुद्धा नाही. फोटो रात्री टाकतो.

टीएम दादा, सोमवारी १२ पेव्हर पाडतो. डिस्टिलरीत माझ्या मेव्हण्याची ओळख आहे, ते म्हणालेत सिलिंडर रिकामा घेऊन ये. तो सिलिंडर कुठल्या प्रकारचा लागतो, साधा ऑक्सिजनचा चालेल का वेगळा?

उघडी_सळई
ऑक्सिजनचा अजिबात नाही! सीओटूचाच, त्याचा व्हॉल्व्ह वेगळा असतो, तपासणीची तारीख मारलेला बघून घ्या. आणि कुणाच्या ओळखीने स्वतः भरून घेऊ नका, परवाना असलेल्या गॅसवाल्याकडूनच भरलेला आणा, पहिल्या ट्रायलला एक पुरेल. नंबर हवा असेल तर निरोप टाका.